कानाने शिकलेली भाषा : कँटोनीजचे ध्वनिपाठ

आपल्या शाळेत पहिलीच्या वर्गात वर्णमालेचा तक्ता टांगलेला असे. क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गवताचा. प्रत्येक चौकोनात एक चित्र. ङ च्या चौकोनात मात्र काहीच नसे. गुरुजींना विचारले तर ‘पाठ करा, पुढे लागेल’ एवढेच उत्तर मिळे. पुढे ते अक्षर ‘वाङ्मय’ या एका शब्दापुरते लागले. खऱ्या अर्थाने लागले ते वयाच्या सव्विसाव्या वर्षी, हाँगकाँगमध्ये. तेथे ‘मी’ या अर्थाचा शब्द ‘ङो’ असा आहे आणि पाच या आकड्याला नुसते ‘ङ्’ म्हणतात.

संशोधनाच्या निमित्ताने मी त्या शहरात चार वर्षे राहिले. विद्यापीठात इंग्रजीवर सर्व निभावत असे. पण भाजीबाजारात, लहान खानावळीत आणि मिनीबसमध्ये ती पुरत नसे. तेथील अनेक मिनीबसगाड्यांत उतरायचे असेल तर उतारूने चालकाला ‘यौ लोक्’ असे मोठ्याने सांगावे लागते. पहिल्या महिन्यात संकोचापायी तोंड न उघडल्यामुळे मी दोन थांबे पुढे जाऊन चालत परत आल्याचे प्रसंग एकाहून अधिक आहेत. तेव्हा ध्वनिपाठांकडे वळले.

कँटोनीज ही दक्षिण चीनमधील ग्वांगदोंग प्रांतात आणि हाँगकाँग, मकाव येथे बोलली जाणारी भाषा. ती पुस्तकावरून शिकणे कठीण का, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हाँगकाँगमधील मूल घरात आणि रस्त्यावर कँटोनीज बोलते, परंतु निबंध लिहिताना ज्या प्रमाण चिनी लेखनाचा आधार घेते, त्याची शब्दसंपदा व वाक्यरचना प्रामुख्याने उत्तरेकडील मँडरिनवर बेतलेली आहे. ‘आहे’ यासाठी बोलताना ‘हय’ म्हणायचे, लिहिताना मात्र निराळे अक्षर काढायचे, ज्याचा उच्चार ‘सी’ होतो. हे वाचून आपल्यापैकी अनेकांना आपली पहिली वही आठवेल. घरी ‘हाय’ म्हणणाऱ्या मुलांनी शाळेत ‘आहे’ लिहायला शिकणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. ‘हय’ आणि ‘हाय’ यांचे साम्य अर्थातच योगायोगाचे आहे. पण मला मात्र त्या शब्दाने पहिल्याच दिवशी आपलेसे केले. सांगायचा मुद्दा असा की, बोलली जाणारी कँटोनीज छापील पानावर फार थोडी सापडते. ती कानानेच घ्यावी लागते.

ध्वनिपाठांची परंपरा जुनी आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेने १९७० साली एलिझाबेथ लॅटिमोर बॉइल यांचा कँटोनीजचा प्राथमिक पाठ्यक्रम ध्वनिफितींसह प्रसिद्ध केला. तो आज विनामूल्य ऐकता येतो. त्याच संस्थेच्या अनुभवानुसार इंग्रजी भाषकाला हिंदीसाठी वर्गातील सुमारे ११०० तास, तर कँटोनीजसाठी २२०० तास लागतात. दुसरी पद्धत पॉल पिम्सलर यांची. ऐकलेला शब्द विसरण्याच्या बेतात असतानाच पुन्हा विचारावा, हे त्यांचे सूत्र. १९६७ साली त्यांनी यासाठी वाढत्या अंतरांचा क्रम सुचवला : ५ सेकंद, २५ सेकंद, २ मिनिटे, १० मिनिटे, १ तास, ५ तास, १ दिवस आणि असेच पुढे २ वर्षांपर्यंत. या धर्तीच्या पाठात शिक्षक प्रश्न विचारतो, थोडी शांतता ठेवतो आणि मग उत्तर सांगतो. शिकणे त्या शांततेत घडते. तिथे गप्प बसून पुढचे उत्तर ऐकणारा विद्यार्थी शंभर पाठ ऐकूनही मुकाच राहतो.

आता सुरांविषयी. कँटोनीजमध्ये एकच अक्षर सहा सुरांत म्हटले की सहा शब्द होतात. हे सूर लक्षात ठेवण्यासाठी आकड्यांचा एक क्रम प्रचलित आहे : ३, ९, ४, ०, ५, २. ‘साम’ उंच व सपाट, ‘कौ’ उंच चढणारा, ‘सेइ’ मधला सपाट, ‘लिङ’ खाली घसरणारा, ‘ङ्’ खालून किंचित चढणारा आणि ‘यी’ खालचा सपाट. मी तो क्रम जिने चढता-उतरता पुटपुटत असे. हे सूर गाण्यातल्या षड्जासारखे ठरावीक पट्टीचे नसतात. प्रत्येक माणसाच्या आवाजात त्यांचे परस्परांतील अंतर तेवढे महत्त्वाचे. एका खानावळीत मी ‘थोङ’ मागितले. मला सूप हवे होते. शब्द उंच व सपाट ठेवायला हवा होता. तो शेवटी घसरला आणि बाईंनी माझ्यापुढे साखरेच्या पुड्या आणून ठेवल्या. ‘माय’ हा शब्द खालून चढला तर विकत घेणे, खाली सपाट राहिला तर विकणे. बाजारात याचा घोटाळा होऊन चालत नाही.

मराठी माणसाची आणखी एक खोड येथे आड येते. प्रश्न विचारताना आपण वाक्याच्या शेवटी आवाज चढवतो. तेथे आवाज चढवला की शेवटचा शब्दच बदलतो. प्रश्नासाठी त्यांच्याकडे वाक्याच्या टोकाला ‘आ’, ‘मे’ अशी छोटी अव्यये असतात, किंवा ‘हय-म्-हय’ अशी रचना असते. म्हणजे शब्दशः आपले ‘आहे की नाही’.

उलट, आपल्या वर्णमालेने दिलेले लाभही पुष्कळ आहेत आणि इंग्रजी पुस्तके ते सांगत नाहीत. हाँगकाँगच्या भाषाविज्ञान संस्थेने १९९३ साली ठरवलेल्या ‘युत्फिङ’ या रोमन लेखनपद्धतीत ब, द, ग वाटणारी अक्षरे वस्तुतः आपले प, त, क आहेत, आणि प, त, क वाटणारी अक्षरे फ, थ, ख. इंग्रज विद्यार्थी या भेदापाशी आठवडे अडतो. आपण तो पहिलीत शिकलेलो असतो. ‘चूल’मधला दंत्य च त्यांच्याकडे जसाच्या तसा आहे. अ आणि आ यांतील अंतरही ओळखीचेच : ‘काय’ म्हणजे रस्ता, ‘कय’ म्हणजे कोंबडी. कठीण जातात ते शब्दान्तीचे प्, त्, क्. ‘सप्’ म्हणजे दहा. ओठ मिटायचे आणि उघडायचेच नाहीत. आपण सवयीने उघडतो.

माझा सल्ला एवढाच की आरंभीचे काही आठवडे रोमन अक्षरांकडे पाहूच नये. पाठ ऐकावा, मोठ्याने म्हणावा, मोबाइलवर आपला आवाज ध्वनिमुद्रित करून मूळ आवाजाशेजारी ठेवून ऐकावा. स्वतःचा आवाज ऐकणे अप्रिय असते, पण चूक तेथेच कळते.

तरीही ध्वनिफितीला एक मोठी मर्यादा आहे. ती कधीही गोंधळत नाही. तुम्ही काहीही बरळा, ती सौजन्याने पुढचे वाक्य म्हणते. शिवाय ती आपल्या काळात थांबलेली असते. १९७० च्या फितीत ‘तू’साठी ‘नेइ’ आहे, रस्त्यावर बहुसंख्य लोक ‘लेइ’ म्हणतात. आणि ज्या ङ मुळे मी इतकी हरखले होते, तो तरुण मंडळी सर्रास गाळतात : ‘ङो’चा ‘ओ’ होतो, पाचाचा ‘ङ्’ कित्येकांच्या तोंडी ‘म्’ होतो.

म्हणून फितीबरोबर माणूस लागतो. मला तो आमच्या इमारतीच्या दाराशी भेटला. रात्रपाळीच्या रखवालदार बाई सत्तरीच्या आसपासच्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नसे आणि माझे बोलणे कळले नाही तर तसे दाखवायला त्या मुळीच संकोचत नसत. कपाळाला आठ्या पडल्या की मी समजे, सूर चुकला. साध्या मदतीबद्दलचे ‘म्-कोइ’ आणि भेटवस्तूबद्दलचे ‘तो-चे’ हे दोन निरनिराळे आभार मी पाठात ऐकले होते, पण त्यांनी दिलेले संत्रे हाती घेताना चुकीचा शब्द म्हटल्यावरच तो फरक पक्का झाला.

वसतिगृहात रात्री उशिरा आलेल्या मुलीला स्वयंपाकघरातल्या मावशी आधी ‘जेवलीस का?’ असे विचारीत. तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात एका रात्री मी प्रयोगशाळेतून परतले, तेव्हा दाराशी बाईंनी मान वर न करताच विचारले, ‘सिक्-चो फान् मेइ आ?’ भात खाल्लास की अजून नाही? मनात भाषांतर न करता मी उत्तरले, ‘सिक्-चो’. त्यांनी मान वर केली. ‘चो’चा सूर वर चढायला हवा होता, तो त्यांनी दोनदा म्हणून दाखवला, माझ्याकडून दोनदा म्हणून घेतला आणि मग दार उघडले.