पोकळ बेहडा कुणाच्या कामाचा?

झाडाचा सौदा ठरवताना खोड आतून पोकळ निघालं, की भाव पडतो. असं झाड सरपणात जमा होतं. धनेशाच्या जोडीला मात्र नेमकं तेच हवं असतं.

महाराष्ट्रात धनेशाच्या चार जाती आढळतात. त्यांतला सर्वांत मोठा महाधनेश. कोकणात त्याला गरुडही म्हणतात. मीटरभर लांब, वजन तीन किलोंच्या आसपास. चोच अवाढव्य, पण टणक लाकूड कोरणं तिला जमत नाही. सुतार आणि तांबट आपली ढोली स्वतः कोरतात. त्यांनी सोडलेल्या ढोल्यांत पोपट, पिंगळे, साळुंक्या संसार थाटतात. महाधनेश तिथे मावणार कसा?

त्याला लागते ती ढोली घडवते बुरशी. वादळात मोठी फांदी मोडते, त्या जखमेतून बुरशी आत शिरते आणि खोडाचा गाभा हळूहळू कुजवते. गाभ्याचं लाकूड तसंही मृतच असतं. पाणी वाहून नेणारा बाहेरचा थर शाबूत राहतो, म्हणून पोकळ बेहडासुद्धा दरवर्षी पालवतो, फळतो. पण एवढ्या घेराचं खोड तयार व्हायलाच कित्येक दशकं जातात. कोकणात असे वृक्ष देवरायांनी आणि जुन्या खासगी रानांनी राखले आहेत.

हिवाळा सरता सरता मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा व अन्नाचा चोथा चोचीने थापून दार लिंपते. उरते ती चोच जाईल एवढी उभी फट. आत ती पंख-शेपटीची पिसं गाळते, अंडी उबवते. नर गळ्यात साठवून आणलेली उंबरं, वडाची फळं एकेक करून फटीतून भरवतो. खाऊन टाकलेल्या बिया झाडाखाली पडतात आणि पावसाळ्यात तिथे रोपं उगवतात.

अडचण अशी, की विणीचा हा काळ आणि लाकूडतोडीचा हंगाम एकच. झाड पडलं तर पिसं गाळलेली मादी उडूही शकत नाही. शिवाय धनेश तीच ढोली वर्षानुवर्षं वापरतात. ती गेली, तर पर्यायी झाड जवळपास असेलच असं नाही.

तेव्हा रान तोडायला देण्याआधी जुन्या झाडांकडे एकदा मान वर करून पाहा. खोडावर लिंपलेली फट किंवा बुंध्याशी बियांचा सडा दिसला, तर ते झाड सौद्यातून वगळा. त्याचे पैसे नाहीतरी कमीच येणार असतात.