समेटाच्या अटी

मोडलेला संसार पुन्हा जुळल्याच्या कादंबऱ्या आपण पुष्कळ वाचतो. नायक परत येतो, नायिका रडते आणि शेवटच्या पानावर सारे विसरले जाते. आम्हा संपवाल्या मंडळींना हे पटावयाचे नाही. समेट म्हटला की अटी आल्याच! म्हणून दोन लेखकांची खरीच कथा आज आपल्यापुढे ठेवतो. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक ह्या जोडप्याची ही कथा लक्ष्मीबाईंच्याच 'स्मृतिचित्रे'त आहे. हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले.

लग्नाच्या वेळी त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. नवरा कवी, मनाचा मोठा, पण तापट आणि लहरी. घरात असेल ते दुसऱ्याला देऊन टाकावे, न सांगता कोठेही निघून जावे. मात्र बायकोला लिहावाचावयास शिकविले ते त्यानेच. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका प्रवाशाने टिळकांच्या हाती बायबल दिले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला नवरा जिवंत असता विधवेचे दुःख आले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या आप्तांकडे राहिल्या.

पुढे त्या टिळकांकडे गेल्या ते आपले सोवळे घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी ते चालू दिले. मला ह्या पुस्तकात सर्वांत मोलाची वाटते ती ही जागा. ज्याच्या हाती जोर होता त्याने जोर केला नाही, आणि जिच्याजवळ काही नव्हते तिने आपली अट सोडली नाही. शिवाशिव देवाने केलेली नव्हे, हे पुढे त्यांचे त्यांनाच उमगले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'नवऱ्यामागून गेली' म्हणणाऱ्यांनी पुस्तक पुन्हा वाचावे.

माझेच सांगतो. एका लांबलेल्या संपात आमची मंडळी सहा महिने माहेरी मेहकरला राहिली. मी खामगावहून निरोप धाडी, 'ये.' मी स्वतः काय बदलणार, ते एकदाही कळविले नाही. तेवढ्यात हे पुस्तक हाती आले. पुढच्या पत्रात, युनियनच्या कामातून घरी दरमहा किती रुपये देईन, तो आकडा लिहिला. उत्तर आले, आकड्यावर घासाघीस करणारे! तेव्हा कुठे जिवात जीव आला.

लक्ष्मीबाईंनीही टिळकांची फजिती लपविली नाही. रडवता रडवता त्या हसवितात. टिळक १९१९ साली वारले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे काव्य अकराव्या अध्यायाच्या आसपास थांबले होते. ज्यांना त्यांनी अक्षर शिकविले त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठांहून अधिक अध्याय रचले. १९३६ साली त्याही गेल्या. शेवटचा अध्याय दत्तूने लिहिला.