पाक पातळ झाला की कॉकटेल बिघडतं

या भागात जे बोललो, ते थोडं नीटनेटकं करून इथं लिहून देतोय.

सुरुवात माझ्या फजितीपासून. मे महिन्यात जळकोटला घरूनच काम करत होतो. मित्र येणार म्हणून आल्याचा सिरप केला. वाटीभर साखर, वाटीभर पाणी, आणि बाटली तशीच ओट्यावर ठेवली. चार दिवसांत सिरप गढूळ, वर फेस, आंबूस वास. आईनं झाकण उघडलं आणि म्हणाली, "पाक पातळ झालाय रे तुझा." मी बीटेक, पण निदान आईचंच बरोबर!

सिरप म्हणजे आपला पाकच, फक्त तार यायच्या आत उतरवलेला. साखर आणि पाणी वजनानं सारखं घेतलं तर साखर ५० टक्के होते. एवढ्या पाण्यात यीस्ट आरामात जगतं. साखर दुप्पट घेतली, तर प्रमाण जवळपास ६७ टक्के. मग यीस्टच्या वाट्याला पाणी फार कमी उरतं, म्हणून तो पाक जास्त टिकतो. तरीही फ्रिजमध्येच ठेवा. आणि वाटीनं नको, काट्यावर मोजा.

आता शॅम्पेन. हे नाव फक्त फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या वाईनचं. पण बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायची तीच पद्धत आपल्याकडेही आहे. नारायणगावच्या इंडाजनं १९८० च्या दशकात अशी वाईन काढली, ती परदेशात 'ओमर खय्याम' नावानं जायची. आज नाशिकची सुला आणि दिंडोरीची शांदों आहेच.

'फ्रेंच ७५' हे नाव ७५ मिलीमीटरच्या फ्रेंच तोफेवरून आलं. जिन ३० मिली, लिंबाचा रस १५, साधा पाक १५. बर्फात हलवून गाळा, मग वरून ६० मिली थंडगार शॅम्पेन हळूच ओता. दुप्पट साखरेचा पाक असेल तर १५ ऐवजी १० मिली पुरे, नाहीतर सरबत होतं!

त्याहून जुनं 'शॅम्पेन कॉकटेल', जेरी थॉमसच्या १८६२ च्या पुस्तकातलं. आजच्या पद्धतीत साखरेच्या चौकोनी तुकड्यावर बिटर्सचे दोन-तीन थेंब, थोडी कोन्याक, वर शॅम्पेन. तुकड्याच्या खरबरीत अंगावरून बुडबुड्यांची माळ उठत राहते. म्हणूनच गर असलेला पाक बारीक फडक्यातून गाळा. कणांमुळे फेस उतू जातो आणि ग्लासातला वायू संपतो.

आमच्या घरी कुणी पीत नाही, आणि मला ते बदलायचंही नाही. पण सगळ्यांनी एकत्र ग्लास उचलावा, एवढं वाटायचं. दुसऱ्यांदा पाक काट्यावर मोजून केला. मित्रांना स्पार्कलिंग वाईन, आई-बाबांना तोच आल्याचा पाक, लिंबू आणि सोडा. ग्लास सारखेच. आईनं एक घोट घेतला आणि म्हणाली, "आता जमलाय."

तुमच्या घरचा पाक कशाचा, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!