खुर्ची तीच, काम निराळं

 आम्ही पिंपरी पेंढारहून, बचत गटांच्या समन्वयक म्हणून बोलतोय. आजचा विषय आहे रिसेप्शनिस्टची नोकरी. पुस्तकातल्या मराठीत तिला स्वागतिका म्हणतात, पण आपल्याकडं तसं कुणी म्हणत नाही. आपण म्हणतो, 'अमकीची पोरगी दवाखान्यात काउंटरला बसते.' या 'बसते'मध्येच सगळी गफलत आहे, आणि ती आमच्याकडूनही झाली.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी बीए होऊन घरी होती. तिला कांदा लावणीला जायचं नव्हतं आणि टोमॅटोच्या तोडणीलाही नाही. एका खासगी दवाखान्यात काउंटरला जागा निघाली. आम्हीच घरी जाऊन आईला पटवलं. म्हटलं, सावलीतलं काम आहे, डोक्यावर पंखा आहे, बसून फोन घ्यायचे आणि नंबर लावायचे. दीड महिन्यात मुलगी घरी परत. पगारातून साडेआठशे रुपये कापले होते, कारण गल्ल्यात तेवढे कमी भरले. गल्ल्याला आणखी दोघांचा हात लागत होता, पण संध्याकाळी हिशेबाला ती एकटी उभी. आई आम्हाला एवढंच म्हणाली, "ताई, पैशाचं काम आहे असं तुम्ही सांगितलं नव्हतं." खरंच सांगितलं नव्हतं, कारण आम्हीच विचारलं नव्हतं.

मग आम्ही ओतूर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, अगदी चाकणपर्यंत काउंटरवर काम करणाऱ्या ओळखीच्या मुलींशी बोललो. त्यातून एक गोष्ट समजली. खुर्ची, फोन आणि रजिस्टर सगळीकडं सारखंच असतं. समोर कोण उभं आहे आणि काही चुकलं तर बोट कुणाकडं जातं, यावर ती नोकरी कशी आहे ते ठरतं.

आधी खासगी दवाखाना घेऊ, कारण आपल्या मुलींना पहिली नोकरी बहुतेक तिथंच मिळते. सकाळपासून नंबर लागतात. चाळीस माणसं बसलेली असतात आणि एक्केचाळिसावा धापा टाकत येतो. डॉक्टर आत असतात, म्हणजे त्याला आत सोडायचं की थांबवायचं हे पहिलं तिलाच ठरवावं लागतं. नारायणगावकडच्या एकीनं यावर चांगली तोड काढली. तिनं डॉक्टरांकडून यादी लिहून घेतली : छातीत दुखणं, दम लागणं, लेकराला झटका येणं, सर्पदंश, गरोदर बाईला रक्तस्राव. यांना नंबर नाही, लगेच आत कळवायचं. यादी काचेखाली ठेवली आहे. कुणी भांडायला लागलं की ती यादीवर बोट ठेवते. निर्णय डॉक्टरांचा आहे हे समोरच्याला दिसतं आणि तिच्यावर येणारा राग कमी होतो.

दवाखान्यातलं दुसरं ओझं गुपिताचं. शहरात रांगेतला माणूस अनोळखी असतो. आपल्याकडं तो शेजारचा नाहीतर शेजारच्याचा पाहुणा. 'अमक्याची सून कशाला आली होती गं?' असं विचारणारी आपलीच मावशी असते. तिथं तोंड मिटून ठेवणं हे कामच आहे. गर्भपाताचा 1971 चा कायदा आणि एचआयव्हीबद्दलचा 2017 चा कायदा, दोन्हींत रुग्णाची ओळख गुप्त ठेवण्याचं बंधन आहे. एक मुलगी म्हणाली, "मी मावशीला सांगते, माझ्यासमोर रोज शंभर माणसं येतात, ध्यानात राहत नाही." खोटं आहे, पण हे खोटं आम्हाला पटलं.

सोनोग्राफी सेंटरचं काउंटर याहून अवघड. लिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा 1988 मध्ये आपल्या महाराष्ट्रानं केला आणि 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला. या कायद्यानं गरोदर बाईच्या तपासणीचा एफ फॉर्म भरावा लागतो आणि कागदपत्रं जपून ठेवावी लागतात. बऱ्याच ठिकाणी फॉर्मची माहिती काउंटरवरची मुलगीच लिहून घेते. पत्ता अर्धवट राहिला, सही राहिली, की तपासणीच्या वेळी सेंटर अडचणीत येतं. आणि रांग पांगली की एखादी सासू हळूच जवळ येऊन विचारते, "पेढा का बर्फी, एवढं विचारून सांग ना." इथं एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. कायदा सांगतो की गर्भ मुलाचा की मुलीचा हे कुणीही, शब्दानं, खुणेनं किंवा आणखी कोणत्याही रीतीनं सांगायचं नाही. 'कुणीही'मध्ये काउंटरवरची मुलगी आली आणि 'खुणेनं'मध्ये पेढा आला. आपली मुलगी अशा ठिकाणी कामाला असेल तर तिला हे पहिल्या दिवशी माहीत हवं.

सरकारी रुग्णालयात रिसेप्शन नसतं, केसपेपरची खिडकी असते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. त्यामुळं तिथं पैशाची कटकट मिटली, रांग मात्र राहिली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत, सरकारी असो की खासगी, आरोग्यमित्र असतात. रेशनकार्ड, आधार बघून योजनेत बसतं का, कोणता कागद कमी आहे, हे ते सांगतात. हेही एका अर्थानं रिसेप्शनचंच काम. फरक एवढाच की इथं 'उद्या या' म्हटलं तर समोरच्याचा ऑपरेशनचा दिवस हुकू शकतो.

आता हॉटेल. जुन्नर 2018 मध्ये पर्यटन तालुका जाहीर झाला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझरला वर्षभर माणसं येतात आणि पावसाळ्यात माळशेजला गर्दी उसळते. हॉटेलच्या काउंटरवर पाहुण्याचं ओळखपत्र बघणं, रजिस्टर भरणं, खोली देणं ही कामं. पाहुणा परदेशी असेल तर त्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन कळवावी लागते. ही नोंद चुकली तर विषय पोलिसांपर्यंत जातो. शिवाय बऱ्याच हॉटेलांत 'पाहुण्यासमोर बसायचं नाही' असा नियम असतो. म्हणजे 'बसून करायचं काम' इथं आठ-दहा तास उभं राहून करायचं. दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी आवाज उठवल्यावर केरळनं 2018 मध्ये बसण्याच्या हक्काचा कायदा केला, 2021 मध्ये तमिळनाडूनं केला. बसायला स्टूल मागणं ही काही चैन नव्हे.

चाकणच्या कारखान्यातलं रिसेप्शन आणखी वेगळं. तिथं रडणारं लेकरू नाही, भांडणारी सासू नाही. येणाऱ्याला पास द्यायचा, कुणाला भेटायचंय ते आत विचारायचं, ईमेल बघायचे, इंग्रजी-हिंदीत फोन घ्यायचे. पगार बरा वाटतो. पण पुष्कळदा मुलगी कंपनीची नसते, ठेकेदाराची असते. एकीला वर्षभर वाटत होतं आपण कंपनीत आहोत. आजारी पडल्यावर कळलं की कार्डावर नाव दुसऱ्याचंच आहे.

हे सगळं ऐकून आम्ही गटात पाच प्रश्न ठरवले. मुलीनं नोकरीला होकार देण्याआधी हे विचारायचे.

पहिला, पैसे माझ्या हातात असणार का? असतील तर गल्ला मोजून ताब्यात कोण देणार आणि संध्याकाळी मोजून कोण घेणार? दोघांच्या सह्या हव्यात. कायद्यानंही अशी कपात करायची तर नुकसान त्या कामगाराच्याच हयगयीनं झालेलं असावं लागतं आणि आधी तिचं म्हणणं ऐकावं लागतं.

दुसरा, पगार कोण देणार? नेमणूकपत्रावर नाव कुणाचं? दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार एकवीस हजारांच्या आत असेल तर ईएसआय, वीस किंवा जास्त असतील तर पीएफ, याची चौकशी करा.

तिसरा, सुटायची वेळ काय? आपल्याकडं या प्रश्नाला दोन कारणं आहेत, एसटी आणि बिबट्या. फाट्यावर उतरून वस्तीवर जायचा रस्ता उसातून जातो. थंडीत सहालाच अंधार पडतो. आपल्या तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली आहेत. 'थोडा उशीर होतो कधीकधी' हे उत्तर घेऊन परत यायचं नाही. उशीर झाला तर घरी कोण सोडणार, हे विचारायचं.

चौथा, कुणी वंगाळ बोललं, अंगचटीला आलं तर तक्रार कुणाकडं? दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं 2013 च्या कायद्यानं अंतर्गत समिती हवीच. लहान दवाखाना असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची. त्रास देणारा गिऱ्हाईक असला, तरी तक्रार करता येते.

पाचवा, माझ्या अखत्यारीत काय आणि साहेबांच्या अखत्यारीत काय? नंबर मोडणं, बिलात सूट देणं, माहिती सांगणं, यातलं काय मी ठरवायचं, ते एका कागदावर लिहून मागा.

एवढं विचारलं तर नोकरी हातची जाईल, असं काही आया म्हणतात. खरं आहे, एका ठिकाणी गेलीही. पण त्या साडेआठशेवाल्या मुलीनं पुढच्या ठिकाणी पहिला प्रश्न विचारलाच. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं झालं विचारलंस, आमचाही घोळ होतो." आता सकाळी आणि संध्याकाळी दोघी मिळून गल्ला मोजतात आणि वहीत सह्या करतात. मुलगी अजून तिथंच आहे.

तिची आई परवा गटाच्या बैठकीत कुणाला तरी सांगत होती, "माझी पोरगी दवाखान्यात काउंटर सांभाळते." 'बसते' म्हणाली नाही.

तुमच्या घरात कुणाला अशी नोकरी चालून आली असेल, तर नेमणुकीचा कागद घेऊन गटाच्या बैठकीला या. सही करण्याआधी या. आपण सगळ्याजणी मिळून वाचू.