नगरस्वातंत्र्य : डब्लिनच्या वहींतील नांवें

आपल्याकडे एखादा थोर पुरुष गांवांत आला, कीं नगरपालिका त्याला मानपत्र देते. सभा भरते, हार घातले जातात, चांदीच्या किंवा चंदनाच्या करंडकांत गुंडाळलेलें तें पत्र पाहुण्याच्या हातीं पडतें, आणि दुसऱ्या दिवशीं गांव आपल्या उद्योगाला लागतें. मानपत्र घेतलेल्या माणसाचें आणि त्या गांवाचें पुढें काय नातें राहतें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. पश्चिमेकडील कांहीं जुन्या शहरांत मात्र हें नातें कायमचें मानलें जातें. सन्मानित व्यक्तीचें नांव शहराच्या वहींत लिहिलें जातें, आणि ती व्यक्ति त्या शहराची नागरिक झाली असें समजतात. आयर्लंडची राजधानी डब्लिन हें अशा शहरांपैकीं एक. तेथील सर्वोच्च नागरी सन्मानाला ‘फ्रीडम ऑफ द सिटी’, म्हणजे नगरस्वातंत्र्य, असें म्हणतात. वहींत एकदां लिहिलेलें नांव पुढें शहराला जड वाटूं लागलें तर काय करावें, हा अवघड प्रश्न डब्लिनपुढें शंभर वर्षांच्या अंतरानें दोन वेळां उभा राहिला.

सन्मानाला ‘स्वातंत्र्य’ हें नांव कसें पडलें, हें आधीं पाहिलें पाहिजे. मध्ययुगांत नगरस्वातंत्र्य हा मान नव्हता. तो हक्क होता, आणि त्यावर माणसाचें पोट अवलंबून असे. शहरांत व्यापार करावयाचा, कारागिरीचा धंदा चालवावयाचा, नगराच्या कारभारांत मत द्यावयाचें, तर ‘स्वतंत्र नागरिक’ म्हणून नोंद असावी लागे. ही नोंद कोणाला बापाकडून वारशानें मिळे, कोणाला लग्नसंबंधानें, कोणाला रक्कम भरून. पुष्कळांना मात्र एखाद्या उस्तादाच्या हाताखालीं वर्षानुवर्षें उमेदवारी करून ती मिळवावी लागे. हक्काबरोबर ओझेंही येई. पंधराव्या शतकांतील नियमांप्रमाणें अशा नागरिकाला धनुष्य, चिलखत आणि तलवार बाळगून नगराच्या रक्षणाला सिद्ध राहावें लागे. उलट, आपला माल वेशींतून आणतांना त्याला जकात पडत नसे, आणि शहराच्या गायरानांत त्याला मेंढ्या चारतां येत.

या हक्काची दुसरी बाजूही होती. ज्याचें नांव वहींत नाहीं तो आपल्याच शहरांत परका. देशांत बहुसंख्य असलेल्या कॅथलिक लोकांना अठराव्या शतकाचा बहुतेक काळ हा दरवाजा बंद होता. १७९३ च्या कायद्यानें तो उघडला खरा, पण प्रॉटेस्टंट मंडळींच्या हातीं असलेल्या नगरसभेनें प्रत्यक्षांत त्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवलें. १८४० च्या कायद्यानें ती जुनी नगरसभा मोडली, आणि १८४१ सालीं डॅनिएल ओकॉनेल हा कॅथलिकांचा पुढारी शहराचा महापौर झाला. मग नव्या कायद्यानें १८७६ मध्यें नगरसभांना असा अधिकार दिला कीं, थोर व्यक्तींना त्यांनीं मानद नागरिक करून घ्यावें. जो शब्द पूर्वीं लोकांना बाहेर ठेवण्याच्या कामीं येई, तोच आतां पाहुण्यांना आंत घेण्यासाठीं वापरला जाऊं लागला.

या नव्या वहींतील पहिलें नांव आयझॅक बट यांचें. ही निवड मोठी बोलकी आहे. १८४३ सालीं ओकॉनेलनें इंग्लंडशीं झालेलें एकीकरण मोडण्याचा ठराव याच नगरसभेपुढें आणला, तेव्हां त्याला विरोध करणारा तरुण वकील हाच बट. पुढें बंडखोर कैद्यांचीं वकीलपत्रें घेतां घेतां त्याचें मन पालटलें, आणि स्वराज्याच्या, तिकडच्या भाषेंत ‘होमरूल’च्या, चळवळीचा तो अध्वर्यु झाला. माणूस बदलूं शकतो, ही गोष्ट वहीच्या पहिल्याच ओळींत लिहिली गेली होती. पुढील भांडणांत ती फारशी कोणाला आठवलेली दिसत नाहीं.

बटच्या मागून ग्लॅडस्टन आले, अमेरिकेचे माजी अध्यक्ष जनरल ग्रँट आले. असे पाहुणे कोणत्याही शहराच्या यादींत सांपडतील. परंतु १८८२ सालीं डब्लिननें जें केलें तें करण्याला छाती लागते. चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल आणि जॉन डिलन हे शेतकऱ्यांच्या चळवळीचे पुढारी त्या वेळीं किल्मेनमच्या तुरुंगांत होते. सरकारनें ज्यांना कैदी केलें त्यांना नगरसभेनें ‘स्वतंत्र नागरिक’ ठरविलें. हा शब्दच्छल नव्हे. राज्यकर्त्यांच्या तोंडावर दिलेलें तें उत्तर होतें. पुढें १८९० सालीं एका घटस्फोटाच्या खटल्यामुळें पार्नेलचें राजकीय जीवन उद्ध्वस्त झालें आणि कालपर्यंत त्याचा जयजयकार करणारे लोक त्याच्यावर उलटले, तरी त्याचें नांव वहींत राहिलें.

१८८९ सालीं हा सन्मान मिळालेल्या लेडी सँडहर्स्ट यांची हकीकत महाराष्ट्राला विशेष जवळची आहे. त्या वर्षीं लंडनच्या कौंटी कौन्सिलवर त्या निवडून आल्या होत्या. पण स्त्रीला तेथें बसण्याचा अधिकार नाहीं, असा निकाल न्यायालयानें दिला आणि त्यांची जागा गेली. आयर्लंडच्या स्वराज्याचा पक्ष घेणाऱ्या या बाईंना डब्लिननें त्याच वर्षीं नगरस्वातंत्र्य दिलें. त्यांचे चिरंजीव म्हणजे १८९५ ते १९०० पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले लॉर्ड सँडहर्स्ट. मुंबईंतील सँडहर्स्ट रोड हें नांव त्यांच्यावरूनच पडलें. पुण्याचा प्लेग, रँडचा खून आणि १८९७ मधील लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला हीं सर्व त्यांच्याच कारकीर्दींतलीं. आईचें नांव परक्या देशाच्या स्वराज्यवाद्यांनीं गौरवानें लिहून ठेवावें, आणि मुलाच्या सरकारनें आमच्या स्वराज्यवाद्याला तुरुंगांत धाडावें, हा योग विलक्षण खरा. मातोश्री १८९२ मध्येंच वारल्या होत्या.

मान देणें स्वस्त असतें आणि मानाला साजेसें वागणें महाग पडतें, हें सर ह्यू लेन यांच्या बाबतींत दिसून आलें. या चित्रसंग्राहकानें १९०८ सालीं डब्लिनमध्यें आधुनिक चित्रांचें संग्रहालय उघडून दिलें, आणि नगरसभेनें त्याच वर्षीं त्याला नगरस्वातंत्र्य अर्पण केलें. येथपर्यंत सर्व यथासांग झालें. लेनची अट एवढीच होती कीं, उत्तमोत्तम चित्रांसाठीं शहरानें कायमची इमारत बांधावी. वास्तुकार लट्यन्स यांनीं लिफी नदीवर पुलासारखी चित्रशाळा कल्पिली. तेथें घोडें अडलें. जागा, खर्च आणि वास्तुकार परका असणें यांवरून वाद माजला, आणि १९१३ सालीं नगरसभेनें ती योजना फेटाळली. रागावलेल्या लेननें ३९ चित्रें लंडनला नेलीं आणि मृत्युपत्रांत तीं लंडनच्या राष्ट्रीय चित्रशाळेच्या नांवें केलीं. पुढें त्याचा राग निवळला. तीं चित्रें डब्लिनलाच मिळावींत, अशी पुरवणी त्यानें मृत्युपत्राला जोडली, सही केली, पण साक्षीदारांच्या सह्या घ्यावयाच्या राहून गेल्या. ७ मे १९१५ रोजीं जर्मन पाणबुडीनें ‘लुसिटानिया’ बोट बुडविली, तींत लेन गेला. साक्षीदारांवांचून पुरवणी कायद्यानें निरर्थक ठरली. रन्वारचें ‘छत्र्या’ हें प्रसिद्ध चित्र त्या ३९ चित्रांतलेंच. दोन्ही शहरांनीं तीं वांटून दाखवावींत, हा समझोता व्हावयास १९५९ साल उजाडावें लागलें. आज डब्लिनच्या चित्रशाळेला लेनचेंच नांव आहे.

आतां त्या अवघड प्रश्नाकडे वळूं. कूनो मायर हा हँबर्गमध्यें जन्मलेला जर्मन पंडित. प्राचीन आयरिश भाषेच्या अभ्यासाला त्यानें आयुष्य वाहिलें होतें. ज्या भाषेला तिच्याच देशांतील शिष्टजन गांवढळ समजत, तिचीं जुनीं हस्तलिखितें त्यानें वाचलीं, छापलीं आणि युरोपांतील विद्वानांपुढें मांडलीं. १९०३ सालीं त्यानें डब्लिनमध्यें आयरिश विद्येची एक पाठशाळा काढली. १९११ सालीं नगरसभेनें त्याला नगरस्वातंत्र्य देण्याचें ठरविलें. त्याच वर्षीं राजे पंचम जॉर्ज डब्लिनला आले असतां त्यांना मानपत्र देण्याचें याच नगरसभेनें नाकारलें होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे परभाषेच्या या सेवकाला मिळालेल्या मानाची किंमत कळते.

तीन वर्षांनीं महायुद्ध पेटलें. डिसेंबर १९१४ मध्यें मायरनें न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड येथें आयरिश क्रांतिवाद्यांच्या सभेंत जर्मनीच्या बाजूनें भाषण केलें. जर्मनीच्या विजयांत आयर्लंडचें हित आहे, असा त्याचा रोख होता. त्या वेळीं हजारों आयरिश तरुण ब्रिटिश सैन्यांतून जर्मनांशीं लढत होते. डब्लिन संतापलें. मार्च १९१५ मध्यें नगरसभेनें मायरचें नांव वहींतून काढून टाकलें. हस्तलिखितें तींच होतीं, पाठशाळाही तीच होती. परंतु ज्यांचीं मुलें खंदकांत पडलीं होतीं त्यांना व्याकरणाची थोरवी कोण सांगणार? मग १९१६ चा उठाव झाला, त्यांतील पुढाऱ्यांना गोळ्या घालण्यांत आल्या, आणि लोकमत पार उलटलें. १९२० च्या निवडणुकींत स्वातंत्र्यवादी सिन फेन पक्ष नगरसभेंत प्रबळ झाला, आणि त्या नव्या सभासदांनीं मायरचें नांव पुन्हां वहींत घातलें. मायर मात्र ऑक्टोबर १९१९ मध्येंच लाइपझिग येथें मरण पावला होता.

पुढील काळांत वही संथपणें भरत गेली. १९४६ सालीं नव्वदीच्या घरांतील बर्नार्ड शॉ यांना, तारुण्यांत डब्लिन सोडून गेल्यानंतर सत्तर वर्षांनीं, हा मान मिळाला. जून १९६३ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना तो मिळाला. पुढें पांच महिन्यांतच त्यांचा खून झाला. १९८८ सालीं नगरसभेनें नेल्सन मंडेला यांना निवडलें, आणि पार्नेलप्रमाणेंच तेही त्या वेळीं तुरुंगांत होते. डब्लिनमधील एका दुकानांतील तरुण नोकरांनीं दक्षिण आफ्रिकेच्या मालाला हात लावण्याचें नाकारून १९८४ पासून जवळजवळ तीन वर्षें संप चालविला होता. शहराच्या ठरावामागें अशी सामान्य माणसांची पुण्याई उभी होती. १ जुलै १९९० रोजीं मंडेला स्वतः डब्लिनला आले. १९९३ सालीं मदर तेरेसांचें नांव लिहिलें गेलें. त्या १९२८ मध्यें अठरा वर्षांच्या असतांना डब्लिनजवळच्या राथफार्नम येथील मठांत इंग्रजी शिकल्या होत्या, आणि तेथूनच कलकत्त्यास निघाल्या होत्या.

२००० सालीं ‘यू टू’ या वाद्यवृंदाला हा सन्मान मिळाला, तेव्हां त्यांतील दोघांनीं कोकरें आणून शहराच्या मध्यभागीं असलेल्या सेंट स्टीफन्स ग्रीन या उद्यानांत चारलीं. हौसेचा प्रकार, पण पंधराव्या शतकांतला हक्क त्यामुळें लोकांना एकदम कळला.

१९९९ सालीं ब्रह्मदेशाच्या आंग सान सू ची यांना नगरस्वातंत्र्य देण्याचा ठराव झाला. एकदां देशाबाहेर पाऊल टाकलें तर लष्कर परत येऊं देणार नाहीं, या धास्तीनें त्या मृत्युशय्येवरील पतीला भेटावयासही गेल्या नव्हत्या. जून २०१२ मध्यें त्या डब्लिनला आल्या आणि त्यांनीं वहींत सही केली. पांच वर्षांनीं, २०१७ मध्यें, लष्कराच्या अत्याचारांमुळें लाखों रोहिंग्या मुसलमानांना घरेंदारें सोडून बांगलादेशांत पळावें लागलें. सत्तेवर असलेल्या सू ची यांनीं त्याचा निषेध केला नाहीं. नोव्हेंबरांत गायक बॉब गेल्डॉफ यांनीं, या बाईंच्या नांवाशेजारीं आपलें नांव नको, म्हणून स्वतःचें सन्मानपत्र परत केलें. ऑक्सफर्ड शहरानेंही त्यांचें नगरस्वातंत्र्य काढून घेतलें. डिसेंबरांत डब्लिनच्या नगरसभेनें ५९ विरुद्ध २ मतांनीं सू ची यांचें नांव वगळलें, आणि त्याच बैठकींत गेल्डॉफ यांचेंही वगळलें.

दोन मतांचा पक्ष अगदींच निराधार होता काय? मायरच्या वेळीं नगरसभेनें क्षोभाच्या भरांत निर्णय घेतला आणि पांच वर्षांत तो फिरविला. सू ची यांच्या बाबतींत प्रश्न वेगळा होता. मायरनें केवळ मत बोलून दाखविलें होतें. येथें गांवेंच्या गांवें जळाल्याच्या वार्ता होत्या, आणि ज्या गुणासाठीं मान दिला, त्याच गुणाची उणीव दिसली होती. विद्येसाठीं दिलेला मान राजकारणासाठीं काढून घेणें आणि मानवतेसाठीं दिलेला मान अमानुषतेपुढील मौनासाठीं काढून घेणें, या दोन गोष्टी एका तराजूंत घालतां येत नाहींत. बहुमताचा पक्ष या दृष्टीनें अधिक सबळ वाटतो. तथापि १ फेब्रुवारी २०२१ रोजीं त्याच लष्करानें सत्ता बळकावून सू ची यांना पुन्हां कैद केलें. आणि ज्या स्थितींतील बाईंचें नांव डब्लिननें आपण होऊन लिहिलें होतें, जवळजवळ त्याच स्थितींत त्या गेल्या असतां वहींत तें नांव नव्हतें.

२०२२ सालीं या वहींत सही करणाऱ्यांत केली हॅरिंग्टन ही डब्लिनचीच मुष्टियोद्धी होती. आदल्या वर्षीं तोक्यो येथील ऑलिंपिकमध्यें तिनें सुवर्णपदक मिळविलें होतें, आणि पदक घेऊन घरीं आल्यावर शहरांतील एका मनोरुग्णालयांत झाडलोट करण्याच्या आपल्या नोकरीवर ती पुन्हां रुजू झाली होती.