पाण्यात म्हैस, बाहेर मोल : जुनी शेतीयंत्रे न पाहता घेण्यातील धोके

बैलजोडी घ्यावयाची झाल्यास मराठवाड्यातील शेतकरी ती कशी घेतो, हे ज्याने बाजार पाहिला आहे त्याला सांगावयास नको. माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो की जवळचा आठवडी बाजार असो, लाल कंधारी किंवा देवणी बैलाचा जबडा उघडून दात मोजल्यावाचून, खांदा चाचपल्यावाचून आणि चार पावले चालवून पाहिल्यावाचून तो विसाराचा एक रुपयाही कोणाच्या हातावर ठेवीत नाही. हेडी कितीही गोड बोलला तरी शेतकऱ्याचा विश्वास आपल्या डोळ्यांवर असतो. पाण्यात बसलेल्या म्हशीचे मोल काठावरून करू नये, ही म्हण याच अनुभवातून आली आहे.

परंतु तोच शेतकरी तीन-चार लाख रुपयांचा जुना ट्रॅक्टर घ्यावयास निघाला म्हणजे ही सावधगिरी पुष्कळदा विसरतो. भ्रमणध्वनीवर चार छायाचित्रे येतात, किंमत बाजारापेक्षा थोडी कमी सांगितली जाते, 'दुसरे गिऱ्हाईक वाटेवर आहे' असा निरोप येतो, आणि यंत्र दृष्टीस पडण्यापूर्वीच विसार रवाना होतो. या घाईची किंमत पुढे सबंध हंगामभर मोजावी लागते.

हिंगोली जिल्ह्यातील गरज

जुन्या यंत्रांना मागणी असणे हे मुळीच गैर नाही. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाचही तालुक्यांत सोयाबीनची पेरणी पावसाच्या थोड्या उघडिपीत उरकावी लागते, आणि काढणीही अशीच एकदम येते. वसमत भागातील हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले आहे. ही हळद काढल्यानंतर शिजविणे, वाळविणे व झिलई देणे ही कामेही थोड्या दिवसांत उभी राहतात. अशा वेळी ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, मळणीयंत्र किंवा हळद शिजविण्याचे यंत्र आपल्या घरचे असावे, असे प्रत्येकाला वाटते. नव्या यंत्राची किंमत लहान खातेदाराला झेपत नाही, म्हणून तो जुन्याकडे वळतो. नीट पारखून घेतलेले जुने यंत्र अनेक वर्षे इमानाने काम देते. धोका यंत्राच्या जुनेपणात नाही, ते न पाहता घेण्यात आहे.

इतिहासातील दोन धडे

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने पूर्व आफ्रिकेतील टांगानिका प्रदेशात, म्हणजे आजच्या टांझानियात, सुमारे ३२ लाख एकर रान साफ करून भुईमूग पिकविण्याची मोठी योजना आखली. १९४७ साली कामास प्रारंभ झाला. नवे ट्रॅक्टर पुरेसे मिळेनात, म्हणून फिलिपाइन्स बेटांत अमेरिकी सैन्याने मागे टाकलेली जुनी यंत्रे घेण्यात आली. त्यांपैकी पुष्कळ यंत्रे युद्धात झिजलेली होती व थोड्याच काळात बंद पडली. सुटे भाग व कुशल कारागीर यांचाही तुटवडा होता. जमीन कठीण, पाऊस अपुरा व नियोजन उतावीळ, अशी इतरही कारणे जुळून आली आणि १९५१ च्या जानेवारीत ती योजना सोडून द्यावी लागली. साडेतीन कोटी पौंडांहून अधिक रक्कम बुडाली. ज्यांच्या हाताशी सरकारी तिजोरी व नामांकित तज्ज्ञ होते त्यांची अशी गत झाली, तर एकट्या शेतकऱ्याने किती जपावे हे उघड आहे.

याच सुमारास भारतात केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेनेही अमेरिकी सैन्याचे जुने ट्रॅक्टर वापरून मध्य भारतातील कांस गवताने व्यापलेली जमीन मोडण्यास आरंभ केला. ते ट्रॅक्टर कर्मशाळेत दुरुस्त करून कामास लावण्यात आले, आणि १९४९ साली जागतिक बँकेकडून १ कोटी डॉलरचे कर्ज काढून नव्या यंत्रांची जोड देण्यात आली. जुने यंत्र घेतले तर त्याची तपासणी व दुरुस्ती हा खरेदीचाच एक भाग समजावा, हा यातील बोध होय.

छायाचित्रात काय दिसत नाही

छायाचित्रात रंग दिसतो, रोग दिसत नाही. नव्या रंगाखाली भेग पडलेली चासी लपते. इंजिनाचा आवाज, धुराचा रंग, क्लचचा झोल, गिअरपेटीची खरखर व ब्रेकची पकड यांतील एकही गोष्ट चित्रावरून कळत नाही. चलत्चित्र आले तरी ते इंजिन आधी तापवून घेतले आहे, की थंड असताना सुरू केले आहे, हे सांगता येत नाही.

तासमापकाच्या आकड्यावरही आंधळेपणाने विसंबू नये. ट्रॅक्टरचे आयुष्य सामान्यतः दहा वर्षे किंवा दहा हजार तास असे हिशेबास धरतात. समजा, आठ वर्षांचा ट्रॅक्टर आहे आणि मापक १,२०० तास दाखवितो. याचा अर्थ तो वर्षाला अवघे १५० तास चालला. मालक जर भाड्याने नांगरट करणारा असेल, तर हा आकडा पटण्याजोगा नाही. अशा वेळी क्लच व ब्रेकच्या पायट्या किती झिजल्या आहेत, पाठीमागील जोडणीची भोके किती वाढली आहेत व टायर मूळचे आहेत की बदललेले, हे पाहावे. या खुणा मापकाइतक्या सहज बदलता येत नाहीत. बैलाच्या दातांवरून वय ओळखतात, तसेच यंत्राचे वय या झिजेवरून ओळखावे.

प्रत्यक्ष पारख कशी करावी

१. यंत्र पाहण्यास सकाळी लवकर जावे व इंजिन थंड असतानाच ते सुरू करण्यास सांगावे. हात लावून पाहता इंजिन आधीच गरम लागले, तर ते थंड होईपर्यंत थांबावे.

२. धूर पाहावा. निळसर धूर सतत येत असल्यास इंजिन तेल जाळते असे समजावे. ओझ्याखाली दाट काळा धूर आल्यास हवा-गाळणीत किंवा डिझेलच्या पंपात दोष असू शकतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर डिझेल नीट जळत नाही किंवा आत पाणी शिरते.

३. तेल ओतण्याच्या तोंडातून धूर जोराने बाहेर फेकला जात असल्यास पिस्टनच्या कड्या व सिलिंडर झिजल्याची ती खूण आहे. मिस्त्री यास 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. तेलपट्टीवरील तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे.

४. मागे नांगर किंवा रोटाव्हेटर जोडून तो हायड्रॉलिकने उचलावा व इंजिन बंद करावे. अवजार लगेच खाली बसू लागले, तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. तपासताना उचललेल्या अवजाराखाली कोणीही जाऊ नये.

५. सर्व गिअरांत ट्रॅक्टर चालवून पाहावा, पीटीओ जोडून फिरवून पाहावा आणि शक्य असल्यास एक-दोन तास शेतात ओढकाम करवून घ्यावे.

६. आपल्याबरोबर आपल्या ओळखीचा मिस्त्री न्यावा. विक्रेत्याने बोलाविलेल्या मिस्त्रीच्या मतावर सौदा ठरवू नये.

तीन लाख रुपयांच्या व्यवहारात जाण्यायेण्याचा व मिस्त्रीच्या मजुरीचा खर्च पाच हजार रुपये धरला, तरी तो शेकडा दोनपेक्षाही कमी येतो. उलटपक्षी, इंजिन उघडावे लागले तर याच्या कितीतरी पट रक्कम जाते, आणि पेरणीची वेळ टळते ती निराळीच.

जिवाशी गाठ असलेली यंत्रे

ट्रॅक्टर बिघडला तर पैसा जातो. जुने मळणीयंत्र किंवा हळद शिजविण्याचे यंत्र सदोष निघाले, तर हात किंवा प्राणही जाऊ शकतो. मळणीयंत्रांच्या अपघातांना आळा घालण्यासाठी १९८३ साली केंद्र शासनाने धोकादायक यंत्रांविषयी स्वतंत्र कायदा केला. पीक आत सोडण्याची पन्हळ निदान ९० सेंटिमीटर लांब असावी व तिचा आतील ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, म्हणजे मजुराचा हात ड्रमपर्यंत पोहोचत नाही. जुन्या यंत्राची पन्हळ कापून आखूड केलेली असल्यास, किंवा पट्ट्यांवरील जाळ्या काढून टाकल्या असल्यास, ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

वाफेवर हळद शिजविण्याच्या यंत्रात दाबमापक व सुरक्षा-झडप चालू आहेत का, हे आधी पाहावे. क्षारयुक्त पाण्यामुळे टाकी व नळ्या आतून गंजतात, आणि वरून रंग दिला की हा गंज दिसत नाही. म्हणून टाकी आतून तपासून घ्यावी. ठिगळ लावून जोडलेली टाकी नाकारावी. अशा यंत्राभोवती घरची माणसे व मजूर दिवसभर वावरत असतात, याचा विसर पडू देऊ नये.

कागदपत्रांची तपासणी

यंत्र चांगले निघाले तरी कागद सदोष असल्यास सौदा सदोषच होय. इंजिन क्रमांक व चासी क्रमांक प्रत्यक्ष यंत्रावर वाचून नोंदणी पुस्तिकेशी ताडून पाहावेत. शासनाच्या वाहन-नोंदणी संकेतस्थळावर मालकाचे नाव, बोजा व विमा यांची स्थिती पाहता येते. नोंदणीवर बँकेचे वा कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव असल्यास तिचा बेबाकी दाखला व नमुना ३५ घेतल्याशिवाय रक्कम देऊ नये. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते, तीही पाहावी. अनुदानावर घेतलेले यंत्र असल्यास ते विकण्यास काही काळ मनाई आहे काय, हे मंजुरीच्या पत्रावरून जाणून घ्यावे.

मालकी बदलण्यासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत व खरेदीदाराने ३० दिवसांत हे कळवावयाचे असते. तेलंगण किंवा अन्य राज्यातून आणलेल्या ट्रॅक्टरला तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आवश्यक आहे. बारा महिन्यांहून अधिक काळ तो येथे ठेवावयाचा झाल्यास एमएच ३८ या हिंगोलीच्या क्रमांकात त्याची नोंदणी करून घ्यावी लागते.

विकणाऱ्या शेतकऱ्यानेही गाफील राहू नये. नोंदणीवर ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईस मालक म्हणून जबाबदार धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. ट्रॅक्टर दिला, पैसे घेतले, परंतु नाव तसेच राहिले, तर दुसऱ्याच्या चुकीचा भार आपल्या शेतीवर येऊ शकतो.

जाणे अगदीच अशक्य असल्यास

क्वचित प्रसंगी आजारपणामुळे किंवा फार अंतरामुळे स्वतः जाणे जमत नाही. तेव्हा त्या गावाजवळील नातलग किंवा विश्वासू मिस्त्री पाठवावा. थंड इंजिन सुरू करण्यापासून अवजार उचलण्यापर्यंतची सर्व कृती भ्रमणध्वनीवर समोरासमोर पाहावी. यंत्राचे वर्णन, क्रमांक, ठरलेली किंमत व 'पाहून पसंत पडल्यास उरलेली रक्कम' ही अट दोघांच्या सह्यांनी लिहून घ्यावी. विसार अल्प ठेवावा, तो नोंदणीवरील मालकाच्याच बँक खात्यात भरावा व पावती घ्यावी. मालविक्री अधिनियम, १९३० प्रमाणे न पाहता घेतलेला माल ताब्यात देतेवेळी तपासण्याची वाजवी संधी मागण्याचा अधिकार खरेदीदारास आहे. तो अधिकार पूर्ण रक्कम देण्यापूर्वीच बजावावा. नंतर भांडून पैसे परत मिळविणे हे वेळेचे व खर्चाचे काम असते.

यंत्र अस्तित्वातच नसताना केवळ चित्रे दाखवून विसार उकळणारे लोकही असतात. रक्कम पाठविल्यावर फसवणूक लक्षात आली, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम अडविली जाण्याची आशा अधिक असते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

या बाबतीत गावपातळीवरील कार्यकर्त्याला मोलाची मदत करता येईल. पाडवा व अक्षय्य तृतीया या मुहूर्तांवर खरेदीची लगबग असते. त्याआधी गावात एक बैठक घेऊन वरील तपासणीची यादी वाचून दाखवावी व तिची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. गावातील भरवशाच्या मिस्त्रींची नावे जवळ ठेवावीत. यंत्रांविषयी शंका असल्यास तोंडापूर येथील कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे विचारणा करावी. एकट्याला यंत्र घेणे परवडणारे नसेल, तर चार शेतकऱ्यांनी मिळून एकच चांगले यंत्र घेणे हे चौघांनी चार सदोष यंत्रे घेण्यापेक्षा केव्हाही हिताचे ठरेल, हेही पटवून द्यावे.

सौदा हातचा जाईल ही भीती शेतकऱ्याने मनातून काढून टाकावी. एक ट्रॅक्टर गेला तर दुसरा मिळतो. परंतु मृग बरसल्यावर दारात बंद पडलेले यंत्र आणि डोक्यावर कर्ज अशी अवस्था झाली, तर ते वर्ष परत मिळत नाही. बैल घेताना जो एक दिवस शेतकरी बाजारात आनंदाने घालवितो, तोच एक दिवस यंत्र पाहण्यासाठीही त्याने राखून ठेवावा.