माशीची चपळाई
पानावरची माशी वारण्यास हात उचलावा, तोच ती उडून गेलेली असते. बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस या संस्थेतील संशोधक संजय साने यांनी कीटकांच्या उड्डाणाचाच अभ्यास आरंभिला. माशीचे पंख सेकंदास शंभराहून अधिक वेळा हलतात. डोळ्यांस ते दिसावेत कसे? कॅलिफोर्नियातील बर्कले येथे डिकिन्सन व लेहमन यांच्यासह त्यांनी पंखांची मोठी प्रतिकृती खनिज तेलात सावकाश हलविली. दाट तेलातील मोठा, मंद पंख हवेतील चिमुकल्या पंखासारखाच वागतो. फटकाऱ्याच्या शेवटी पंख नेमका केव्हा वळतो यावरही उचल अवलंबून असते, हे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दाखविले.

क्षणाचे मोल एवढे, तर पंखांचा ताळमेळ राखतो कोण? प्रत्येक फटकाऱ्यास वेगळी आज्ञा देण्याची सवड मज्जातंतूंना नसते. माशीच्या मागच्या पंखांच्या जागी तोल सांभाळणारे गदेसारखे दोन अवयव असतात व ते पंखांच्या उलट लयीत हलतात. पंख व हे अवयव छातीच्या कवचातील दुव्यांनी जोडलेले असून दुवा छेदताच ताळमेळ मोडतो, असे साने व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली सिद्ध केले. चपळाईचे श्रेय केवळ मज्जातंतूंचे नव्हे. देहाच्या बांधणीचेही आहे.